राऊटर, कॅमेरा, सर्व्हर: बाहेरून सेटिंग बदलायची न लागणारी सोय कशी शोधायची आणि बंद करायची

परवा राऊटरची सेटिंग चाळत बसलो होतो, तर पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत (बाहेरच्यांसाठी कोणतं पोर्ट, म्हणजे नंबर दिलेलं दार, उघडून आतल्या कोणत्या डिव्हाइसकडे न्यायचं ती यादी) कॅमेऱ्याच्या डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्याची, एक ओळ दिसली, जी मी दोन दिवस आधीच स्वतःच्या हातानं उडवली होती. परत उडवली, राऊटर रिस्टार्ट केला, अर्ध्या तासानं बघतो तर ओळ परत हजर. कोणीतरी आत शिरलंय असं वाटून घामच फुटला, पण भानगड साधी निघाली. डीव्हीआरच्या मेनूत यूपीएनपी चालू होतं, त्यामुळे तो दर थोड्या वेळानं राऊटरला सांगायचा की माझ्यासाठी अमुक पोर्ट उघड, आणि राऊटर मुकाट्यानं उघडायचा. मला कोणी विचारलं नाही, आणि गंमत म्हणजे मी तो डीव्हीआर बाहेरून एकदाही बघितलेला नाही. कॅमेरे चालू आहेत की नाही ते समोरच्या स्क्रीनवर दिसतं, मला तेवढंच लागतं.

तेव्हापासून घरातलं आणि कामाच्या जागेचं एकेक डिव्हाइस घेऊन बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं क्रमानं लिहितोय. लांबलंय, पण एकदा बसून करून टाकलं की बराच काळ बघावं लागत नाही.

आधी एक गोष्ट, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल

"पासवर्ड तगडा ठेवलाय, मग काय होतंय?" हा प्रश्न येणारच. पासवर्ड हवाच, पण समोरच्यानं पासवर्ड विचारला तर त्याचा उपयोग. इंटेलच्या एएमटीचं २०१७ मधलं प्रकरण बघा. एएमटी म्हणजे ऑफिससाठीच्या कॉम्प्युटरमध्ये चिपसेटमध्येच बसवलेली लांबून कंट्रोल करायची सोय. लॉगिन करताना ब्राउझर पासवर्डवरून काढलेली एक लांब अक्षरमाला पाठवतो आणि एएमटी ती स्वतःकडच्या बरोबर उत्तराशी ताडून बघतं. पण ताडताना किती अक्षरं बघायची हे ते समोरून आलेल्या उत्तराच्या लांबीवरून ठरवायचं. म्हणजे कोणी काहीच पाठवलं नाही तर शून्य अक्षरं ताडायची, शून्य अक्षरं शून्य अक्षरांशी जुळतात, या आत! तुमचा पासवर्ड चाळीस अक्षरी असला तरी त्याला कोणी हात लावायच्या आधीच दार उघडलेलं.

त्याच वर्षी एचपीच्या सर्व्हरमधल्या आयएलओ ४ या लांबून सर्व्हर सांभाळायच्या सोयीत दुसरं भोक सापडलं. वेब रिक्वेस्टच्या एका हेडरमध्ये इंग्रजी 'ए' हे अक्षर सलग २९ वेळा लिहून पाठवलं की लॉगिन न करता आत. सिस्कोच्या स्विचमधलं (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा डबा) स्मार्ट इन्स्टॉल तर याहून भारी. नवा स्विच नुसता वायर लावून आपोआप सेट व्हावा म्हणून केलेली ही सोय, टीसीपी पोर्ट ४७८६ वर चालते, आणि तिच्यात पासवर्ड विचारायची पद्धतच नाही, रचनाच तशी. स्विच एकदा सेट झाला की तिचं काम संपतं, पण ती चालूच राहते. एप्रिल २०१८ मध्ये याच वाटेनं इराण आणि रशियातल्या स्विचांची कॉन्फिगरेशन (भरलेली सगळी सेटिंग) पुसली गेली आणि त्या जागी 'आमच्या निवडणुकांत ढवळाढवळ करू नका' अशा अर्थाचा मजकूर आणि अमेरिकेचा झेंडा टाकून ठेवला. उपाय होता 'नो व्हीस्टॅक' ही एका ओळीची कमांड.

म्हणून माझा क्रम असा: आधी बघायचं हे दार आपल्याला हवंय का, नको असेल तर बंद, आणि जे उरेल त्याच्यासाठी पासवर्ड, अपडेट वगैरे. बरेच जण उलटं करतात, आणि मग जी सोय कधी वापरलीच नाही तिचे पासवर्ड सांभाळत बसतात.

पायरी १: काय काय आहे ते लिहून काढा

कागदावर लिहा, खरंच. राऊटरच्या आतल्या पानावर 'कनेक्टेड डिव्हाइसेस' किंवा 'डीएचसीपी क्लायंट्स' अशी यादी असते, ती समोर ठेवा आणि प्रत्येक ओळीला नाव द्या. ओळखू न येणारं काही दिसलं तर त्याचं वायफाय किंवा वायर बंद करून बघा यादीतून काय गायब होतं. टीव्ही, प्रिंटर, जुना एक्स्टेंडर, सोलर इन्व्हर्टरला चिकटवलेली वायफायची काडी, यूपीएसचं नेटवर्क कार्ड अशा गोष्टी हमखास विसरलेल्या सापडतात.

प्रत्येकासमोर दोन प्रश्न: याची सेटिंग मी घराबाहेरून शेवटची कधी बदलली? आणि बाहेरून नुसतं बघायला तरी लागतं का? बघणं वेगळं आणि सेटिंग बदलणं वेगळं, पण बनवणाऱ्या कंपन्या दोन्ही एकाच बटणामागे ठेवतात आणि घोळ तिथेच होतो. माझ्या यादीत १७ डिव्हाइस निघाली, पहिल्या प्रश्नाला सतराही ठिकाणी 'कधीच नाही', दुसऱ्याला दोन ठिकाणी 'हो'.

पायरी २: बाहेरून स्वतःच्याच दारात उभे राहून बघा

इथं लोक एक चूक हमखास करतात. घरच्या वायफायवर बसून ब्राउझरमध्ये आपला पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा आपला पत्ता) टाकतात, राऊटरचं लॉगिन पान दिसतं आणि घाबरतात. बरेच राऊटर आतून आलेली अशी रिक्वेस्ट आतल्या आत वळवून स्वतःचं पान दाखवतात, बाहेरच्याला ते दिसतं असं त्यावरून ठरत नाही. म्हणून फोनचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावर या आणि मग तो आयपी टाका. साधा, आणि एचटीटीपीएस लावून, दोन्ही, शिवाय ८०८० आणि ८४४३ पोर्ट लावूनही बघा.

त्याच्याआधी राऊटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राऊटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटवर दिसणारा आयपी एकच आहे का ते तपासा. वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही कनेक्शन देणाऱ्या कंपनीच्या सामायिक नॅटमागे (अनेक ग्राहकांना बाहेरचा एकच पत्ता वाटून देणारी व्यवस्था) आहात. मग बाहेरून तपासलं तर तपासणी कंपनीच्या मशीनची होते, तुमच्या राऊटरची नाही. "मग मी सुरक्षितच की" असं म्हणायची घाई नको, कारण त्याच कंपनीचे बाकीचे ग्राहक त्याच आतल्या नेटवर्कमधून तुमच्या राऊटरपर्यंत पोचू शकतात, कंपनीनं ते अडवलं असेल तरच नाही, आणि आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते) चालू असेल तर तिथं नॅटचा आडोसा सहसा नसतोच, सगळी भिस्त राऊटरच्या फायरवॉलवर.

जरा तांत्रिक हात असेल तर लॅपटॉप मोबाइल हॉटस्पॉटला जोडा आणि एनमॅप या उघडे पोर्ट शोधणाऱ्या प्रोग्रॅमनं स्वतःचा आयपी स्कॅन करा. फक्त स्वतःचा, दुसऱ्याच्या आयपीवर हे उद्योग करू नका. मी हे पोर्ट बघतो: २२ आणि २३ (एसएसएच, टेलनेट, म्हणजे लांबून लॉगिन करून कमांड द्यायच्या सोयी), ८०, ४४३, ८०८०, ८४४३, मग ७५४७ (याच्यावर खाली बरंच लिहिलंय), ८२९१ (मायक्रोटिक कंपनीच्या राऊटरची सेटिंग बदलायचं विनबॉक्स), ५५४ (कॅमेऱ्याचा व्हिडिओ), ८००० आणि ३७७७७ (डीव्हीआर), ५००० आणि ५००१ (नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली फाइल साठवायची डिस्क), ९१०० (प्रिंटर), १६९९२ आणि १६९९३ (एएमटी). यूडीपी या दुसऱ्या प्रकारच्या पोर्टमध्ये १६१ (एसएनएमपी, डिव्हाइसची माहिती लांबून विचारायची पद्धत), ६२३ (आयपीएमआय, सर्व्हर लांबून सांभाळायची पद्धत) आणि १९०० (यूपीएनपी), पण यूडीपीचा निकाल बऱ्याचदा 'उघडा किंवा अडवलेला' असा गुळमुळीत येतो, त्याच्यावर फार विसंबू नका, डिव्हाइसच्या आत जाऊन सेटिंग बघितलेलं बरं.

जे उघडं दिसेल ते कागदावर लिहा. लगेच बंद करायला धावू नका, आधी कोण उघडतंय ते कळू द्या, नाहीतर माझ्या डीव्हीआरसारखं होतं.

पायरी ३: राऊटर

इथं वेळ द्या, कारण राऊटर पडला की मागचं सगळं उघडं. आधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप, वायफायचं नाव-पासवर्ड आणि कनेक्शनचं युजरनेम वगैरेचे फोटो काढून ठेवा, आणि शक्यतो वायरनं जोडून बसा, नाहीतर एक चुकीची टिक पडली की वायफायसकट तुम्हीच बाहेर.

पहिलं म्हणजे 'रिमोट मॅनेजमेंट', 'वेब अॅक्सेस फ्रॉम वॅन', 'रिमोट अॅडमिन', नाव काहीही असो, ते बंद. हे सहसा 'सिस्टम' किंवा 'अॅडमिनिस्ट्रेशन'मध्ये असतं, काही राऊटरमध्ये मात्र 'सिक्युरिटी'खाली 'अॅक्सेस कंट्रोल' नावाच्या तक्त्यात लपवलेलं असतं, तिथं एका बाजूला लॅन (घरातली बाजू), दुसऱ्या बाजूला वॅन आणि खाली एचटीटीपी, टेलनेट, एसएसएच, एफटीपी, पिंग असे चौकोन. वॅनच्या रांगेतले सगळे टिक काढा. माझ्या एका राऊटरवर हे चालू सापडलं, पोर्ट ८०८० वर, कारण जोडणी करणाऱ्यानं "पुढे काही प्रॉब्लेम आला तर इथूनच बघता येईल" म्हणून ठेवलं होतं आणि मीही मान डोलावली होती. पुढे प्रॉब्लेम आला तेव्हा कोणी इथूनच बघितलं नाही, ते वेगळं.

टेलनेट तर लॅनच्या बाजूलाही बंद करा. २०१६ मधलं मिराय नावाचं मालवेअर आठवत असेल: इंटरनेटवर फिरून २३ आणि २३२३ पोर्टवर टेलनेट शोधायचं, कंपनीनं घालून दिलेल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या आळीपाळीनं लावायच्या, लागली की डिव्हाइस ताब्यात. एवढ्याशा युक्तीवर कॅमेरे आणि डीव्हीआर गोळा करून २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी सेवा) पुरवणाऱ्या कंपनीवर मारा केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट कित्येकांना तासन्‌तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे यात वापरले गेले त्यातल्या बहुतेकांना टेलनेट म्हणजे काय हेही माहीत नसणार, मग ते वापरायचं कुठून.

आता टीआर-०६९. मेनूत 'टीआर-०६९', 'सीडब्ल्यूएमपी' किंवा नुसतं 'रिमोट सर्व्हिस' लिहिलेलं असतं. कनेक्शन देणारी कंपनी यातून तुमचा राऊटर लांबून सेट करते, फर्मवेअर (डिव्हाइसच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवते, रीस्टार्ट मारते. राऊटर स्वतः ठरलेल्या वेळी कंपनीच्या सर्व्हरला फोन लावतो म्हणा ना, आणि कंपनीला मध्येच काम पडलं तर ती राऊटरच्या ७५४७ पोर्टवर टकटक करून सांगते, मला फोन लाव. म्हणजे तो पोर्ट फक्त कंपनीच्या सर्व्हरला दिसला तरी पुरे आहे, सगळ्या जगाला दिसायचं कारणच नाही, पण कित्येक ठिकाणी दिसतो.

त्यातून काय होतं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत दिसलं. मिरायचाच एक भाऊबंद ७५४७ वर धडका मारत सुटला. टीआर-०६४ नावाचा दुसरा प्रोटोकॉल, जो फक्त घरातल्या बाजूनं वापरायचा असतो, तो काही मॉडेमांत याच पोर्टवर बाहेरूनही ऐकत होता, आणि त्यातल्या टाइम सर्व्हरचं नाव बदलायच्या कमांडमध्ये सरळ हवी ती आज्ञा घुसवता येत होती. डॉइश टेलिकॉमच्या साधारण ९ लाख ग्राहकांचं कनेक्शन कोलमडलं. आणि तिथल्या राऊटरांवर तो मालवेअर चढलाच नव्हता, नुसत्या धडकांनीच त्यांनी मान टाकली! त्याच्याआधी डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीनं 'मिसफॉर्च्यून कुकी' नावाचा दोष जाहीर केला, रॉमपेजर या छोट्या वेब सर्व्हरमधला, सुमारे १ कोटी २० लाख डिव्हाइसवर. तो सर्व्हर बनवणाऱ्यांनी दोष २००५ मध्येच दुरुस्त केला होता, राऊटर कंपन्या मात्र जुनीच आवृत्ती भरून विकत राहिल्या.

मग टीआर-०६९ बंद करायचं का? राऊटर स्वतःचा विकत घेतलेला असेल तर बिनधास्त करा. कंपनीनं दिलेला असेल तर आधी विचारा, कारण काही ठिकाणी लँडलाइन किंवा टीव्हीची सेटिंग यातूनच येते आणि बंद केल्यावर पुढच्या वेळी काही बिघडलं की ते हात वर करतात. कंपनी बंद करू देत नसेल, किंवा मेनूच दाखवत नसेल, तर मी असं करतो: कंपनीचा डबा नुसता ब्रिज मोडला टाकायचा (म्हणजे तो फक्त कनेक्शन पुढे पोचवतो) आणि मागे स्वतःचा राऊटर लावायचा. ब्रिज मोडही देत नसतील तरी मागे स्वतःचा राऊटर लावा, डबल नॅट (एकामागे एक दोन राऊटरांची पत्ता-बदली) होईल, ऑनलाइन गेम खेळणारे कुरकुरतील, पण कंपनीच्या डब्यात कोणी शिरलं तरी घरातल्या डिव्हाइसपर्यंत यायला अजून एक भिंत ओलांडावी लागेल.

यूपीएनपी. गेम कन्सोल आणि डीव्हीआर यांना आपोआप पोर्ट उघडून देणारी ही सोय मुळात घरातल्या घरात विचारपूस करायला होती, तिच्यात 'तू कोण' हे विचारणंच नाही. जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या सुरक्षा कंपनीनं अख्खं इंटरनेट धुंडाळलं तेव्हा ८ कोटी १० लाख आयपी बाहेरून आलेल्या यूपीएनपीच्या हाकेला ओ देत होते. बंद करा. चार-पाच दिवस बघा काही अडतंय का. एखाद्या गेमचं अडलं तर त्या एकाच डिव्हाइससाठी तेवढाच पोर्ट हातानं फॉरवर्ड करा. आणि राऊटरवर बंद करून थांबू नका, डिव्हाइसच्या मेनूतही बंद करा, नाहीतर उद्या नवा राऊटर आला, त्यात यूपीएनपी चालूच असणार, की सगळं पहिल्यासारखं.

डब्ल्यूपीएस (पिन किंवा बटणानं वायफाय जोडायची सोय) हे खरं तर लांबून सेटिंगमध्ये बसत नाही पण इथंच आहात तर तेही बंद करा. आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळे दहा कोटींऐवजी फक्त ११,००० प्रयत्न पुरतात, २०११ पासून हे जाहीर आहे.

मग डीएनएसची पाटी बघा, राऊटरमध्ये कोणते डीएनएस सर्व्हर लिहिलेत. तुम्ही टाकलेले किंवा कंपनीचे नसतील तर थांबा आणि सरळ पायरी ७ ला जा. ब्राझीलमध्ये २०११ पासून हेच झालं होतं, मोडेमच्या फर्मवेअरमधल्या दोषातून स्क्रिप्टा बाहेरून आत शिरायच्या आणि फक्त डीएनएस बदलून निघून जायच्या, ४५ लाख मोडेम आणि ४० बनावट डीएनएस सर्व्हर. बँकेचा पत्ता बरोबर टाइप करूनही माणूस भलतीकडेच पोचायचा, कॉम्प्युटरवर एकही व्हायरस नसताना.

हे सगळं झालं की राऊटर अॅपचा क्लाउड अकाउंट. हल्लीचे राऊटर पहिल्यांदा चालू करताना ईमेल मागतात आणि मग कंपनीच्या सर्व्हरमार्फत जगात कुठूनही सेटिंग बदलता येते. याला पोर्ट उघडा लागत नाही, त्यामुळे पायरी २ मध्ये हे दिसतच नाही! आतून बाहेर गेलेलं कनेक्शन आहे, स्कॅनला काय दिसणार. लोकल लॉगिननं चालत असेल तर क्लाउड अकाउंट काढून टाका. त्याच्याशिवाय चालतच नसेल तर निदान टू-स्टेप लॉगिन लावा, आणि पुढचा राऊटर घेताना आधी हे विचारा.

शेवटी फर्मवेअर अपडेट, आणि अपडेटनंतर वरचं सगळं पुन्हा एकदा बघा कारण काही राऊटर अपडेटमध्ये बंद केलेल्या गोष्टी गुपचूप परत चालू करतात. अपडेट टाळू नका मात्र. मायक्रोटिकच्या विनबॉक्समधला दोष एप्रिल २०१८ मध्ये कंपनीनं लगेच दुरुस्त केला होता. त्यातून पासवर्डची फाइलच उचलता यायची, म्हणजे इथंही तगडा पासवर्ड बिनकामाचा. महिने गेले तरी लाखो राऊटर जुन्याच आवृत्तीवर, पोर्ट ८२९१ जगाला उघडा, आणि कोणीतरी त्यांच्यावर क्रिप्टो मायनिंगची स्क्रिप्ट चढवून बसलेलं.

पायरी ४: कॅमेरा, डीव्हीआर, नॅस, प्रिंटर

कॅमेरा आणि डीव्हीआरमध्ये तीन गोष्टी शोधा: यूपीएनपी, 'पी२पी' किंवा 'क्लाउड' (क्यूआर कोड स्कॅन करून फोनवर दिसतं ते), आणि डीडीएनएस (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी सोय). बाहेरून बघत नसाल तर तिन्ही बंद. बघत असाल तर पोर्ट फॉरवर्ड करण्यापेक्षा पायरी ६ मधला मार्ग घ्या. हिकव्हिजनच्या काही कॅमेऱ्यांत २०१७ साली असा दोष सापडला होता की वेब पत्त्याच्या शेवटी एक ठरावीक शेपूट जोडलं की कॅमेरा तुम्हाला अॅडमिन समजायचा. कॅमेऱ्याला डीफॉल्ट गेटवे न देणं ही पण एक जुनी युक्ती आहे, बाहेरचा रस्ताच माहीत नसेल तर तो घरातच बोलतो. घड्याळ मात्र पुढेमागे व्हायला लागेल, मग टाइम सर्व्हर म्हणून राऊटरचा आयपी द्या, राऊटर ती सोय देत असेल तर.

नॅसच्या बाबतीत मला वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्हचं प्रकरण विसरता येत नाही. जून २०२१ मध्ये जगभरातल्या लोकांनी सकाळी उठून बघितलं तर ड्राइव्ह कोरा, वर्षानुवर्षांचे फोटो गेले. कोणीतरी इंटरनेटवरून फॅक्टरी रिसेट मारला होता. लांबून फॅक्टरी रिसेट मारायची सोय कोणाला हवी होती देव जाणे, पण ती होती, आणि रिसेटच्या आधी पासवर्ड विचारणाऱ्या ओळी कोडमध्ये लिहिलेल्याही होत्या, फक्त कोणीतरी त्या कॉमेंट करून निकामी केल्या होत्या. शेवटचं अपडेट २०१५ मध्ये आलेलं. तर नॅसमध्ये 'रिमोट अॅक्सेस', 'क्विक कनेक्ट' सारख्या नावाची क्लाउड सोय, 'ऑटो राऊटर कॉन्फिगरेशन' (हे म्हणजे यूपीएनपीच) बंद करा, आणि एक बॅकअप असा ठेवा जो नेटवर्कला जोडलेलाच नाही.

प्रिंटरचं पटकन: वेब पानाला अॅडमिन पासवर्ड लावा, बहुतेकांत तो रिकामाच असतो. 'इंटरनेट प्रिंटिंग', 'ईमेल टू प्रिंट' बंद, एसएनएमपी लागत नसेल तर बंद, लागत असेल तर 'पब्लिक' आणि 'प्रायव्हेट' ही ठेवून दिलेली नावं बदला.

पायरी ५: कॉम्प्युटर आणि सर्व्हरच्या पोटातले छोटे कॉम्प्युटर

हे लोकांना सगळ्यात कमी माहीत असतं. ऑफिससाठीच्या बऱ्याच लॅपटॉप-डेस्कटॉपमध्ये (इंटेल व्हीप्रोचा स्टिकर असेल तर बघाच) एएमटी असतं, आणि सर्व्हरच्या बोर्डवर बीएमसी (सर्व्हर लांबून सांभाळणारी वेगळी चिप) असतो, ज्याला कंपनीगणिक आयएलओ, आयड्रॅक अशी नावं. मशीन शटडाउन असेल पण वायर लावलेली असेल तरी हे जागे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या आधीच नेटवर्क कार्डावरून आपले पॅकेट उचलून घेतात, त्यामुळे विंडोजचा फायरवॉल लावा नाहीतर लिनक्सचा, त्याला हे दिसतही नाहीत.

एएमटीसाठी: मशीन चालू होताना बऱ्याच मॉडेलवर कंट्रोल आणि पी दाबलं की एमईबीएक्सचं, म्हणजे एएमटीच्या सेटिंगचं, निळं-करडं पान येतं, काहींत एफ१२ च्या बूट मेनूत ते सापडतं. पासवर्ड मागतं, कोणी कधी बदलला नसेल तर तो 'अॅडमिन' हाच, इंग्रजीत छोट्या अक्षरांत. लगेच नवा ठेवा, बंद करणार असलात तरी ठेवा, कारण नाहीतर लॅपटॉप दोन मिनिटं कोणाच्या हाती लागला की तो एएमटी स्वतःच्या नावानं चालू करून ठेवू शकतो, २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीनं हे अर्ध्या मिनिटाच्या आत करून दाखवलं होतं. मग 'अनकॉन्फिगर नेटवर्क अॅक्सेस' मध्ये 'फुल अनप्रोव्हिजन', आणि त्यानंतर बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एएमटी डिसेबल. सेकंडहँड ऑफिस लॅपटॉप घेतला असेल तर हे पहिल्या दिवशी करा, विंडोज फॉरमॅट करून यातलं काहीच पुसलं जात नाही.

बीएमसीचा घोळ वेगळाच. मागे त्याचं वेगळं नेटवर्क सॉकेट असतं आणि लोक म्हणतात, "आम्ही त्यात वायरच लावली नाही, मग काळजी कसली". काही बोर्डांत सेटिंग 'फेलओव्हर' वर असतं: वेगळ्या सॉकेटात वायर नसेल तर बीएमसी गुपचूप मुख्य लॅन पोर्टवर येऊन बसतो. म्हणजे वायर न लावल्यामुळेच तो तुमच्या साध्या नेटवर्कवर, आणि सर्व्हर थेट इंटरनेटला असेल तर इंटरनेटवर. बायोसमध्ये आयपीएमआयच्या पानावर लॅन मोड 'डेडिकेटेड' करा. बीएमसी वापरत असाल तर त्याच्यासाठी वेगळं व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा कप्पा), आणि वेब पान पुरत असेल तर 'आयपीएमआय ओव्हर लॅन' बंद. हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे कारण आयपीएमआय २.० च्या रचनेतच अशी खोट आहे की कोणीही नुसतं युजरनेम सांगून लॉगिन सुरू केलं की बीएमसी त्या युजरच्या पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेली अक्षरमाला) त्याला आधीच देऊन टाकतो, मग तो घरी बसून फोडत बसायचा. फर्मवेअर अपडेटनं हे जात नाही, प्रोटोकॉलच तसा.

पायरी ६: खरंच लागत असेल तर

लागतं कधीकधी. दोन जागा सांभाळणाऱ्याला सर्व्हर लांबून रीस्टार्ट करायला हवाच असतो. मग प्रत्येक डिव्हाइसचं दार वेगळं उघडण्यापेक्षा राऊटरवर एकच व्हीपीएन (बाहेरून आतल्या नेटवर्कमध्ये यायचा बंदिस्त रस्ता) लावा आणि बाकी सगळं त्याच्यामागे. मी वायरगार्ड वापरतो, एक आवडतं कारण म्हणजे ओळखीची चावी नसलेल्या पॅकेटला तो उत्तरच देत नाही, स्कॅन करणाऱ्याला तिथं काही आहे हेच कळत नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेनं सरकारी खात्यांना असाच आदेश काढला, राऊटर, फायरवॉल, बीएमसी यांची मॅनेजमेंट पानं इंटरनेटवर सापडली तर १४ दिवसांत हटवा किंवा वेगळ्या तपासणीमागे न्या.

व्हीपीएन लावला म्हणून निर्धास्त होऊ नका मात्र. २४ फेब्रुवारी २०२२ ला व्हायासॅटच्या उपग्रह इंटरनेटचे हजारो मोडेम एका सकाळी मेले, ते चुकीच्या सेटिंगच्या व्हीपीएनमधून कोणीतरी मॅनेजमेंट नेटवर्कमध्ये शिरल्यामुळे. आत गेल्यावर त्यानं मोडेमांना कंपनीच्याच अधिकृत आज्ञा पाठवल्या आणि फ्लॅश मेमरीवर कचरा लिहिला. मध्य युरोपातल्या ५,८०० पवनचक्क्यांवर लांबून लक्ष ठेवणं त्यात बंद पडलं. म्हणून व्हीपीएनमधून आलेल्यालाही सगळं दिसू देऊ नका, ज्या एका-दोन डिव्हाइसचं काम आहे तेवढंच. आणि वर्षातून एकदा प्रवासाला जाताना लागणारी गोष्ट असेल तर जाताना चालू करा, आल्यावर बंद. कॅलेंडरमध्ये 'बंद कर' अशी नोंद टाकून ठेवा, मी न टाकता दोनदा विसरलोय.

पायरी ७: उघडं सापडलं आणि काही संशयास्पद दिसलं तर

न टाकलेला डीएनएस, अनोळखी युजर, न केलेलं पोर्ट फॉरवर्ड (आधी यूपीएनपीवर संशय घ्या), बंद केलेलं रिमोट मॅनेजमेंट आपोआप चालू, असं काही दिसलं तर नुसता रीस्टार्ट पुरत नाही. मिराय फक्त मेमरीत राहायचा, रीस्टार्टनं जायचा आणि दार उघडंच असेल तर थोड्या वेळात परत यायचा. २०१८ चा व्हीपीएनफिल्टर हा मालवेअर, जो किमान ५४ देशांत ५ लाख डिव्हाइसवर होता, त्याचा पहिला टप्पा तर रीस्टार्टनंतरही टिकायचा.

क्रम असा ठेवा: इंटरनेटची वायर काढा. दुसऱ्या कनेक्शनवरून कंपनीच्या साइटवरचं ताजं फर्मवेअर उतरवून ते हातानं चढवा. मग फॅक्टरी रिसेट. जुना कॉन्फिगरेशन बॅकअप परत चढवू नका, त्याच्यात तीच बदललेली सेटिंग असू शकते, काढलेले फोटो बघून सगळं हातानं भरा. नवा अॅडमिन पासवर्ड, नवा वायफाय पासवर्ड, पायरी ३ पूर्ण, आणि इंटरनेटची वायर त्यानंतरच लावा. कंपनीनं फर्मवेअर द्यायचंच बंद केलं असेल तर तो राऊटर बदला. मग मोबाइल डेटावर जाऊन पायरी २ पुन्हा, आणि आठवड्यानं अजून एकदा, कारण माझ्या डीव्हीआरची ओळ उडवल्यावर लगेच दिसत नव्हती, नंतर परत आली होती.